कोलॅजनची तिपेडी वेणी उलगडणारे रामचंद्रन

आपली त्वचा ताण सहन करते, हाड सहजासहजी मोडत नाही, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा तुटत नाही. याचे मोठे श्रेय जाते कोलॅजन या प्रथिनाला. शरीरातील एकूण प्रथिनांत सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या कोलॅजनचा असतो. त्याची रचना नेमकी कशी आहे, हे कोडे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या नामांकित प्रयोगशाळांनाही सुटले नव्हते. ते सोडवण्याची वाट दाखवली मद्रास विद्यापीठातील एका तरुण भौतिकशास्त्रज्ञाने. त्यांचे नाव जी. एन. रामचंद्रन.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळमधील एर्नाकुलम येथे झाला. वडील महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे गणिताची गोडी घरातूनच लागली. तिरुचिरापल्लीहून पदवी घेऊन १९४२ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले. तिथे सर सी. व्ही. रामन होते. त्यांच्या प्रभावाने रामचंद्रन लवकरच भौतिकशास्त्राकडे वळले. पुढे १९४७ ते १९४९ या काळात केंब्रिजला राहून त्यांनी पीएचडी केली आणि ते मायदेशी परतले. १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांच्याकडे भौतिकशास्त्र विभाग सोपवला. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते.

त्याच सुमारास प्रसिद्ध ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजनच्या रचनेचा प्रश्न अजून समाधानकारक सुटलेला नाही, हे त्यांच्या बोलण्यातून रामचंद्रन यांच्या मनात पक्के बसले. चामडे म्हणजे मुख्यतः कोलॅजनच आणि मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तिथून कांगारूच्या शेपटीतील कंडरेचे कोलॅजन मिळाले. क्ष-किरणांनी त्याची छायाचित्रे घेऊन रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये आपले प्रारूप मांडले. कोलॅजनमध्ये तीन साखळ्या असतात, असे त्यांनी सांगितले. वर्षभरात त्यांनी ते सुधारले. या तीन साखळ्या वेणीच्या तीन पेडांसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, हे त्यातून पुढे आले.

या वेणीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. पेडांच्या मधोमध जागा इतकी अरुंद असते की तिथे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावते. हाडे ठिसूळ होण्याच्या एका आनुवंशिक विकारात अनेकदा जनुकातील एका बदलामुळे ग्लायसिनच्या जागी मोठे अमिनो आम्ल येते. वेणी नीट वळली जात नाही आणि मुलाचे हाड किरकोळ धक्क्यानेही मोडते. वेणी मजबूत राहण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्वही लागते. ते फार कमी पडले की स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत.

पण १९५५ मध्येच या प्रारूपावर आक्षेप आला, आणि तोही डीएनएच्या रचनेमुळे गाजलेल्या फ्रान्सिस क्रिक यांच्याकडून. क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांचे म्हणणे असे की, मद्रासच्या प्रारूपात काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत. साखळ्यांना जोडणाऱ्या हायड्रोजन बंधांच्या संख्येवरही मतभेद होते. त्या मुद्द्यावर पुढे क्रिक-रिच यांचे म्हणणे ग्राह्य ठरले. तीन पेडांची मूळ कल्पना मात्र टिकली.

हा आक्षेप रामचंद्रन यांच्या जिव्हारी लागला असेल, तर नवल नाही. पण त्यांनी केवळ वाद घातला नाही. दोन अणू फार जवळ आले म्हणजे किती जवळ, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. त्याचे नेमके उत्तर कोणाकडेच तयार नव्हते. मग त्यांनी सहकाऱ्यांसह तोवर ज्ञात असलेल्या लहान रेणूंच्या स्फटिकरचना तपासल्या आणि कोणते दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याची कोष्टके तयार केली.

प्रथिनाची साखळी प्रत्येक अमिनो आम्लापाशी मुख्यतः दोन ठिकाणी वळू शकते. या दोन वळणांच्या कोनांना फाय आणि साय म्हणतात. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह रामचंद्रन यांनी दोन्ही कोन थोडेथोडे बदलत, प्रत्येक वेळी अणू एकमेकांवर आदळतात का, हे मोजले. ही सारी आकडेमोड टेबलावरच्या साध्या गणनयंत्रावर झाली. उत्तरे एका चौकोनात मांडल्यावर दिसले की, सुमारे तीन चतुर्थांश जागा निषिद्ध आहे. तिथे अणूंना जागाच नसते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हाच तो ‘रामचंद्रन आलेख’. आज पीएचडीनंतर प्रथिनांवर संगणकीय रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या प्रत्येकाची या आलेखाशी गाठ पडतेच.

१९७१ मध्ये त्यांनी बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जैवभौतिकी विभाग सुरू केला. त्याच वर्षी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमांवरून शरीराच्या आतील छेद उभा करण्याची सोपी आणि वेगवान गणिती रीत मांडली. सीटी स्कॅनच्या यंत्रांत या प्रकारची रीत पुढे दीर्घकाळ वापरली गेली. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९९९ मध्ये त्यांना स्फटिकशास्त्राचा आंतरराष्ट्रीय एवाल्ड पुरस्कार मिळाला. नोबेल मात्र मिळाले नाही. पत्नी राजलक्ष्मी १९९८ मध्ये गेल्या. अखेरची वर्षे त्यांना पार्किन्सनच्या आजाराने ग्रासले होते. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.

आज प्रथिनांच्या जागतिक संग्रहात दोन लाखांहून अधिक रचना आहेत. औषध शोधण्यासाठी एखादी रचना वापरायची, तर तिचे कोन रामचंद्रन आलेखातील मान्य जागेत पडतात का, हे आधी पाहिले जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेने वर्तवलेली रचनाही याच कसोटीवर तपासली जाते. एका आक्षेपाचे उत्तर शोधताना मद्रासमध्ये तयार झालेली ही कसोटी साठ वर्षांनंतरही रोजच्या वापरात आहे.