विश्लेषण : ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ३० वर्षे का राहिला?

सुटी लागली की बीड, गेवराई, अंबाजोगाईकडची कुटुंबे समुद्र पाहायला कोकणात उतरतात. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघतात, फोटो काढतात आणि पुढे निघतात. हा राजवाडा इंग्रजांनी बांधला तो एका कैद्यासाठी. तो कैदी होता ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा शेवटचा राजा.

थिबा कोण होता?

मिंदोन राजाचा मुलगा थिबा १८५९ मध्ये जन्मला आणि १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर बसला. तेव्हा तो अवघ्या १९ वर्षांचा होता. पट्टराणी सुपयालत ही त्याची सावत्र बहीण; अशा विवाहाची त्या राजघराण्यात रीत होती. गादीला धोका नको म्हणून १८७९ मध्ये राजघराण्यातील अनेकांची हत्या झाली. तो डाग थिबाच्या नावावर कायमचा राहिला.

राज्य कसे गेले?

निमित्त होते सागवानाचे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीने कमी ओंडके दाखवून जास्त लाकूड नेल्याचा ठपका दरबाराने ठेवला आणि तिला मोठा दंड ठोठावला. थिबा फ्रान्सशी जवळीक करत असल्याची धास्तीही इंग्रजांना होतीच. नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध पेटले आणि जेमतेम पंधरवड्यात मंडाले पडले. राजा-राणीला बोटीत बसवून देशाबाहेर काढण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी त्यांचे राज्य ब्रिटिश साम्राज्यात सामील झाले.

रत्नागिरीच का?

आधी काही महिने मद्रासला ठेवून एप्रिल १८८६ मध्ये हे कुटुंब रत्नागिरीला आणले गेले. हे गाव ब्रह्मदेशापासून दूर, आडबाजूला होते. रेल्वे नव्हती. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद. ज्याला जगाने विसरावे असे वाटते, त्याला ठेवायला याहून सोयीची जागा नव्हती.

तिथले आयुष्य कसे होते?

राजा भाड्याच्या बंगल्यात राहिला. सरकारी तनखा पुरत नसे, म्हणून सोबत आणलेले दागिने विकले जात. बाहेर पडायचे तर परवानगी लागे. चार मुलींपैकी दोघी मंडालेत जन्मल्या होत्या, तिसरी मद्रासला आणि धाकटी रत्नागिरीत. राजवाडा उभा राहायला १९१० साल उजाडले. भाट्याच्या खाडीकडे पाहणारी ही तीन मजली वास्तू थिबाला जेमतेम सहा वर्षे लाभली. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला.

याच काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते (१९०८ ते १९१४). मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचे सुपुत्र मंडालेत. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेले होते. १८६२ मध्ये त्याचा अंत तिथेच झाला. माणसाला त्याच्या मुलखापासून तोडले की त्याच्यामागे उभे राहणारे लोकही तुटतात, हा इंग्रजांचा हिशेब होता.

पुढे कुटुंबाचे काय झाले?

राजाचा देह मायदेशी न्यावा, ही सुपयालतची मागणी मान्य झाली नाही. १९१९ मध्ये रत्नागिरीतच त्याची समाधी झाली आणि राणी रंगूनला परतली. १९२५ मध्ये तिचे तिथे निधन झाले. मंडाले तिला पुन्हा दिसले नाही.

थोरल्या राजकन्येचे मन मात्र रत्नागिरीत गुंतले होते. राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरापासून तिला मुलगी झाली होती. कुटुंबासोबत रंगूनला गेलेली ती राजकन्या परत आली आणि १९४७ मध्ये रत्नागिरीतच वारली. राजाची ही नात मराठी बोलत, गरिबीत, चारचौघींसारखा संसार करत जगली.

आज काय उरले आहे?

राजवाड्यात संग्रहालय आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन समाधीवर येऊन गेले. राजाचे अवशेष मायदेशी न्यावेत, अशी मागणी अधूनमधून होते. मंडालेचा राजा अजून रत्नागिरीतच आहे. राजवाडा पाहून झाल्यावर, थोडा वेळ काढून शहरातील त्याच्या समाधीपाशीही थांबता येते.