भूक पाहिलेली पंडिता

पंडिता रमाबाईंची ओळख आपल्याकडे बहुधा दोन ओळींत आटोपते. संस्कृतच्या गाढ्या विदुषी, विधवांच्या कैवारी, आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या. या दोन ओळींत केडगाव येत नाही. रस्त्यावर पडलेले पोर उचलून आणायचे आणि त्याला माणसात बसवायचे, हे काम या बाईने तिथे कसे केले ते मला सांगायचे आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. रमा लहान असतानाच घर मोडले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचे, पुढ्यात पडेल त्या शिध्यावर पुढचा मुक्काम गाठायचा. अशात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, भागवत मुखोद्गत आणि पोटात कण नाही! दोघे भावंडे पायी हिंडत थेट पंजाबात पोचली. अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

पुढचे भराभर सांगतो. १८७८ मध्ये कलकत्त्याने त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले, तेही दोन वर्षांच्या आत कॉलऱ्याने गेले. कडेवर मनोरमा. मग पुणे, इंग्लंड, १८८३ मधले धर्मांतर आणि अमेरिका. तिथल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च उचलण्याचे कबूल केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या, हे अनेकांना ठाऊक असेलच. सदन पुण्याला हलले. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात अशी ओरड झाली आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले. घरच्यांनी मुली परत नेल्या. रानड्यांना दुखावल्यासारखे वाटले, यात वावगे काही नाही. बाईही आपल्या खोलीचे दार लावून घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

मी उभा जन्म बँकेत शेतीकर्जाची प्रकरणे तपासली, म्हणून मला पुढची गोष्ट फार आवडते. दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, याचा विचार बाईंनी आधीच केला होता. पुण्यापासून रेल्वेने पूर्वेला केडगाव, तिथे सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी घेऊन ठेवली. विहिरी खणायच्या, फळझाडे लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचे. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी डोळे झाकून शिफारस केली असती.

बाग धरण्याआधी १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या आणि बाईंना आपली जुनी भूक आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या. मदतछावण्यांतून आणि रस्त्यांवरून मुली वेचल्या. पोरक्या मुलींवर नजर ठेवून असलेले लोकही तिथे होतेच. याच दुष्काळात लाला लजपतराय आणि आर्यसमाजी मंडळींनीही पोरकी मुले उत्तरेत नेली, हे नमूद करायला हवे. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवू देईनात, म्हणून बाईंनी त्यांना केडगावच्या उघड्या माळावर नेले. प्लेगच्या व्यवस्थेत एक मुलगी सदनाला दुरावली, तेव्हा त्यांनी वृत्तपत्रात लिहून सरकारला जाब विचारला. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. एका बेवारस मुलीसाठी!

शारदा सदन मुख्यतः वरच्या जातींतल्या विधवांचे होते. आता आल्या त्या नाना जातींच्या, कुळाचा पत्ता नसलेल्या मुली. मुक्ती सदन हे नाव पडले ते याच वस्तीला. आमच्या अंकुशनगरला समर्थ साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांची पोरे बेवारस नसतात, आईबाप फडात असतात. तरी खाऊ दिला की त्यातला निम्मा मुठीत लपवणारे पोर मी तिथे पाहिले आहे. उद्याचा भरवसा नसलेल्या मुलाला पाटी देण्याआधी रोज ठरल्या वेळेला ताट द्यावे लागते. केडगावात ते मिळत होते. मग शाळा, आणि शाळेबरोबर हाताला काम: विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेती, छापखाना. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. मुलांसाठी वेगळे सदन झाले. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवू लागली.

या मुलींतल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या, हे झाकण्यात अर्थ नाही. त्यावर रागावणाऱ्यांचे म्हणणे मी समजू शकतो. मात्र त्यातल्या किती जणींना त्या वर्षी दुसऱ्या कोणी दारात उभे केले असते, हा हिशेब मी मनाशी मांडून पाहिला आहे. जमेची बाजू मला तरी फार मोठी दिसली नाही.

उतारवयात बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. ते पुस्तक छापले गेले केडगावच्याच छापखान्यात. त्याचे खिळे जुळवले ते सदनातल्या मुलींनी आणि बायकांनी.