विश्लेषण : धर्म एका दिवसात बदलला, घरातलं सोवळं सुटायला पाच वर्षं लागली... नगरच्या रेव्हरंड टिळकांची गोष्ट नेमकी काय आहे?

मोबाइलवर ‘टिळक’ असं टाइप केलं, की आधी लोकमान्य येतात आणि बरंच खाली स्क्रोल केल्यावर रेव्हरंड टिळक दिसतात. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही पक्षिणीची कविता पाठ केलेल्यांना ना. वा. टिळक हे नाव आठवतं. ‘फुला-मुलांचे कवी’ एवढी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकात असते. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये गेला. जन्माने कोकणस्थ ब्राह्मण असलेला हा माणूस इथे अशा मंडळीत राहायला आला, जिच्यात बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले होते. सगळी माणसं देवाची लेकरं, हे व्यासपीठावरून सांगणं तेव्हाही अवघड नव्हतं. ते स्वयंपाकघरात आणि पगाराच्या वहीत उतरवायला काय किंमत पडते, हे टिळकांच्या नगरमधल्या वर्षांत दिसतं.

कोण होते नारायण वामन टिळक?

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली, वडील कडक. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झालं. त्याच पुढे मराठीला ‘स्मृतिचित्रे’ देणाऱ्या लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळी त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

टिळक एका जागी टिकत नसत. कुठे मास्तरकी, कुठे कीर्तन-पुराण, कुठे छापखान्यात काम, असं करत ते गावोगाव फिरले. हातात पैसा आला की वाटून टाकायचा, हा स्वभाव शेवटपर्यंत राहिला. त्याचा भुर्दंड अर्थातच घर चालवणाऱ्या बाईला पडला. १८९१च्या सुमारास ते नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत वाङ्मयाचं काम करत होते आणि ‘ऋषि’ नावाचं मासिक चालवत होते.

बायबल हाती येण्याआधीच काय ठरलं होतं?

ही गोष्ट अनेकदा सुटून जाते. माणसामाणसांत जन्मावरून भेद मानणारा धर्म खरा असू शकत नाही, या निष्कर्षाला टिळक स्वतःच्या विचाराने आधीच आले होते. देव एक, तो सगळ्यांचा बाप, म्हणून माणसं भावंडं, असा एखादा नवा धर्मच काढावा इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

१८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्याने बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी ते हसण्यावारी नेलं. पुढे डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत वाचत गेले आणि तिथे अडकले. जो विचार ते स्वतः मांडू पाहत होते, तो तिथे आधीच मांडलेला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताची मुदत जवळपास पाळली गेली. आणि मुक्काम ठरला नगरला.

नगरच का?

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ पासून होतं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच सुरू झालं. मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळाही इथल्याच. जोतिराव फुल्यांनी त्या पाहिल्या होत्या, सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिथे घेतले. गावकुसाबाहेरच्या मुलाला पाटी-पेन्सिल देणाऱ्या राज्यातल्या सुरुवातीच्या जागांत नगर येतं.

चित्र मात्र सरळ नव्हतं. हरिपंत खिस्तींसारखे थोडे ब्राह्मण १८३९ पासून इथे ख्रिस्ती झाले होते. खेड्यांतून आलेली मोठी संख्या महार आणि मांग समाजातली होती. १८७६-७८च्या दुष्काळानंतर ती आणखी वाढली. चर्चमध्ये सगळे एका भाकरीचे वाटेकरी झाले, पण सोयरीक जुळवताना जुनी जात विचारली जायचीच. गावकरी तर ख्रिस्ती झालेल्यालाही पाणवठ्यावर जुन्याच नावाने ओळखत. बाप्तिस्म्याने जात पुसली जाते, असा सोपा हिशेब इथे कोणालाच मांडता आला नाही.

चुलीपुढचा प्रश्न कसा सुटला?

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. बातमी कळल्यावर त्यांची अवस्था फार वाईट झाली. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी पाणी प्यायलं तर आपणही बाटलो, ही कोंडी. मुलगा दत्तू तेव्हा तीन-चार वर्षांचा. लक्ष्मीबाई पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. नातलगांचा धाक, लोकांची बोलणी आणि टिळकांची पत्रं, यात वर्षं गेली.

अखेर त्या नवऱ्याजवळ नगरला आल्या, पण आपल्या अटीवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं-ओवळं पूर्वीसारखंच. टिळकांनी ती अट मान्य केली. इथे थोडं थांबायला हवं. बाहेर जातिभेदाविरुद्ध बोलणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात बायको त्याच्या हातचं पाणी घेत नाही, याहून मोठी नामुष्की कोणती? आसपासच्या ख्रिस्ती मंडळींना ते खटकलंही असणार. नवरा म्हणून हुकूम सोडण्याचा अधिकार त्या काळाने टिळकांना दिलाच होता. त्यांनी तो वापरला नाही. मला विचाराल तर त्यांच्या समतेचा सर्वांत पक्का पुरावा हाच आहे. एरवी ते घरात शांत-सहनशील होते असं अजिबात नाही. त्यांचा रागीट, लहरी कारभार लक्ष्मीबाईंनी पुढे मिश्कीलपणे लिहून ठेवला आहे.

बदल लक्ष्मीबाईंच्या मनात झाला, आणि तोही प्रवचन ऐकून झाला नाही. एका रात्री झोप येईना. पडल्या पडल्या विचार सुरू झाला, की देवाने जाती केल्या कुठे? पशुपक्ष्यांत जाती दिसतात, कारण ते मुळात वेगवेगळे प्राणी. माणसांत मात्र त्याने स्त्री आणि पुरुष एवढंच केलं. मग माझं सोवळं कोणी निर्माण केलं? सकाळपर्यंत निर्णय झाला होता, की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्म्याचा विचार त्यानंतरचा, म्हणजे आधी जात गेली आणि मग धर्म बदलला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ते वर्ष मोठ्या दुष्काळाचं होतं. नगर जिल्ह्यात माणसं आणि जनावरं उघड्यावर मरत होती, मिशनच्या आवारात अनाथ मुलांची रीघ लागली होती. पुढे प्लेगच्या साथीही आल्या. कोणाची जात न विचारता लक्ष्मीबाईंनी मुलींची आजारपणं काढली. काही वर्षांपूर्वी सावली टाळणाऱ्या बाईने हे केलं, असं वाचताना वर्षं पुन्हा तपासून पाहावीशी वाटतात.

टिळकांचं घर मुळातच धर्मशाळा. त्यात एक मुक्कामकरी होता त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर हा कोवळा कवी टिळकांच्या आधाराला नगरला आला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. तो हिंदूच राहिला. त्याच्यावर धर्म बदलण्याची अट नव्हती.

मिशनशी खटका का उडाला?

टिळक १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले. धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवत, गावोगाव कीर्तनं करत. विलायती चालींवर बेतलेल्या मराठी गीतांऐवजी त्यांनी अभंग, ओवी, भजन उपासनेत आणलं. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादनही त्यांच्याकडे होतं.

नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्याशी त्यांचा स्नेह होता. तरीही एक गोष्ट त्यांना सलत राहिली. मिशनचा पैसा बाहेरून येई, त्यामुळे निर्णय गोऱ्या मिशनऱ्यांचे आणि देशी ख्रिस्ती त्यांचे पगारी मदतनीस. साहेब प्रेमळ असले तरी नातं मायबापाचं. टिळकांना भावाचं नातं हवं होतं. जातीची उतरंड सोडून आलेल्या माणसाला नवी उतरंड चटकन दिसली, आणि ती दिसल्यावर गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसरी बाजूही खरी आहे. नगर जिल्ह्यातल्या शाळा आणि दवाखाने याच पैशावर उभे होते. ज्याच्या मुलाला गावची शाळा घेत नव्हती, त्याला मिशनमधला हा वाद दुय्यम वाटला असेल तर नवल नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायला सुरुवात केली. आयुष्यभर ओढगस्तीत संसार केलेल्या लक्ष्मीबाईंना पुन्हा अनिश्चिततेत उतरावं लागलं. पतीच्या त्यागाचा खर्च पत्नीने भरायचा, हा जुना हिशेब इथेही बदलला नाही.

‘देवाचा दरबार’ म्हणजे काय?

साताऱ्यात टिळकांनी हा प्रयोग मांडला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणीही यावं. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांचा दर्जा एक. मिशनची शिस्त मानणाऱ्यांना हे पचणं कठीण होतं, कारण बाप्तिस्मा हीच तर आतल्या-बाहेरच्यांमधली रेघ होती. टिळकांनी तीच पुसायला घेतली. प्रयोगाला वेळ मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपल्या देहाचं दहन व्हावं, ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळण्यात आली. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या बाबतीत तेव्हा हे नवलाचंच होतं. त्यांच्या अस्थी नगरला आणल्या गेल्या. मागे राहिलं होतं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य, दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि पुढचे साठहून अधिक अध्याय स्वतः रचले.