घराची कर्ती रमाई

माता रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंदचा. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. १९०६ साली भीमरावांशी लग्न झालं. बाबासाहेब शिक्षणासाठी १९१३ ला परदेशी गेले, १९२० ला पुन्हा गेले. मागं मुंबईत खाणारी तोंडं बरीच अन् पैसा थोडा. रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या. चार लेकरं गेली, तरी संसार मोडू दिला नाही.

आपण त्यांना त्यागमूर्ती म्हणून हार घालतो, पण कर्ती म्हणत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर बाई कुटुंबप्रमुख झाली; तरी आपल्या नांदेड-लातूरकडं घरचा कर्ता कोण विचारलं, की गड्याचंच नाव निघतं!

२७ मे १९३५ ला रमाई गेल्या. पुढं १९४० चा पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांनाच अर्पण केला.