विचारस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता : जॉन लॉक

इंग्लंडच्या इतिहासात सतरावे शतक मोठ्या धामधुमीचे होते. राजाची सत्ता श्रेष्ठ की पार्लमेंटची, हा वाद विकोपास जाऊन अखेर रणांगणावर पोहोचला. अशा काळात, २९ ऑगस्ट १६३२ रोजी, सॉमरसेट परगण्यातील रिंग्टन या गावी जॉन लॉक याचा जन्म झाला. त्याचे वडील वकिली करीत. यादवी युद्धात ते पार्लमेंटच्या बाजूने लढले होते. पुढे लॉक वेस्टमिन्स्टरच्या शाळेत शिकत असताना, १६४९ च्या जानेवारीत, शाळेपासून थोड्याच अंतरावर राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. राज्य करण्याचा अधिकार कोणाला व कशामुळे मिळतो, हा प्रश्न अशा रीतीने लॉकच्या बालपणीच त्याच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

१६५२ साली लॉक ऑक्सफर्ड येथे गेला. तेथील जुन्या पद्धतीच्या शाब्दिक वादांत त्याचे मन रमेना. वैद्यक आणि प्रयोग यांकडेच त्याचा ओढा होता. वैद्यकाच्याच ज्ञानामुळे लॉर्ड अ‍ॅशली या थोर मुत्सद्द्याशी त्याचा स्नेह जडला. १६६८ मध्ये यकृताच्या विकाराने अ‍ॅशलीचे प्राण संकटात पडले असता, लॉकच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया झाली व तो वाचला.

पुढे एकदा लॉकच्या खोलीत काही मित्र चर्चेस बसले होते. वाद वाढत गेला, परंतु निर्णय होईना. तेव्हा लॉकच्या मनात आले की, आपली बुद्धी कोठवर पोहोचू शकते, हेच आधी तपासून पाहावयास नको काय? या विचारातून त्याने मानवी आकलनावरील आपला ग्रंथ लिहावयास घेतला. जन्मतः माणसाचे मन कोऱ्या कागदासारखे असते. त्यावर जे उमटते ते सारे अनुभवाने उमटते, असे त्याने प्रतिपादन केले. अननस ज्याने कधी चाखला नाही, त्याला नुसत्या वर्णनाने त्याची चव कशी कळणार? इंद्रियांना येणारा अनुभव आणि त्यावर मनाने केलेले चिंतन, हेच ज्ञानाचे दोन झरे होत, असे त्याचे मत होते.

राज्यसंस्थेचाही त्याने असाच मुळापासून विचार केला. राजाला सत्ता ईश्वराकडून मिळते, ही समजूत त्याने खोडून काढली. सर्व माणसे स्वभावतः स्वतंत्र व समान आहेत. आपले जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता सुरक्षित राहावी म्हणून ती स्वसंमतीने राज्य स्थापन करतात. सत्ता ही राज्यकर्त्याजवळ विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. त्याने विश्वासघात केल्यास ती काढून घेण्याचा प्रजेला अधिकार आहे.

त्या काळी असे विचार कागदावर उतरविणे म्हणजे प्राणाशी खेळ होता. १६८३ साली अल्जर्नन सिडनी याला देहान्त शासन झाले, तेव्हा त्याचे अप्रकाशित लेखनच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले. लॉक त्याच वर्षी हॉलंडला निघून गेला. १६८४ मध्ये राजाज्ञेने त्याचे ऑक्सफर्डमधील स्थान गेले. परदेशातही काही काळ त्याला नाव बदलून राहावे लागले. तथापि लेखणी थांबली नाही. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर, १६८९ च्या फेब्रुवारीत, तो मायदेशी परतला. त्याच वर्षी त्याचे ज्ञान, राज्यशासन व धर्मसहिष्णुता या विषयांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. राज्यशासनावरील ग्रंथावर मात्र त्याने आपले नाव घातले नाही. तो आपला असल्याचे त्याने मृत्युपत्रात तेवढे नमूद केले.

लॉकच्या विचारांना मर्यादाही होत्या. त्याने नास्तिकांना सहिष्णुतेचा लाभ नाकारला. स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या या पुरुषाने गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसाही गुंतविला होता. हा विरोध लपविण्याचे कारण नाही. त्याने मांडलेले तत्त्व त्याच्या आचरणाहून मोठे होते.

२८ ऑक्टोबर १७०४ रोजी एसेक्समधील ओट्स येथे लॉकचे निधन झाले. पुढे १७७६ साली अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्यात लॉकच्याच विचारांचा प्रतिध्वनी उमटला. कोणतेही मत केवळ अधिकाराच्या बळावर मान्य करू नये, ते अनुभवाच्या व विवेकाच्या कसोटीवर पारखून घ्यावे, ही त्याची शिकवण आजही मोलाची आहे.