शब्दांना नाचवणारा चित्रकार : अरुण कोलटकर

चित्रं काढून पोट भरतं का, असं आपण मुलांना सहज विचारून टाकतो. तसं विचारण्याआधी एकदा अरुण कोलटकरांकडे बघा.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, मग जाहिरातींच्या कामात एवढे नावाजले की त्या क्षेत्रातला 'कॅग' पुरस्कार त्यांना ६ वेळा मिळाला. म्हणजे पैसा काही दूर नव्हता. तरी राहायचे छोट्याशा घरात, घरी फोनसुद्धा नाही! वेळ मात्र भरपूर ठेवला. कवितेला, पखवाजाला, आणि काळा घोडा भागातल्या 'वेसाइड इन'मध्ये बसून रस्ता न्याहाळायला. भटकी कुत्री, फुटपाथवर इडली खाणारी माणसं, सगळी त्यांच्या कवितेत आली.

आपल्याच जिल्ह्यातल्या जेजुरीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक १९७६ मध्ये निघालं, त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्यात एके ठिकाणी कोंबड्या नाचतात. कशा? तर शब्दच पानावर वर-खाली उड्या मारतात! पाचवीच्या मुलांना ते पान दाखवा, समजावून सांगावं लागणार नाही.

हाच खेळकर माणूस 'भिजकी वही'त जगभरातल्या बायकांचं रडणं लिहितो. २५ सप्टेंबर २००४ रोजी ते पुण्यात वारले. साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला नंतर मिळाला.

येत्या रविवारी मुलांना आळेफाट्याच्या एस.टी. स्टँडवर कागद-पेन्सिल देऊन अर्धा तास बसवा. नाशिक, पुणे, कल्याण, नगर, सगळीकडची माणसं दिसतील. काय काढलं ते मात्र तपासायला जाऊ नका.