सुरतेची जरी, राणीछाप रुपया आणि चांदी गोठताना पाहणारा माणूस

सुरत : येवल्याच्या पैठणीला सुरतेची जरी लागते, हे नंदुरबार-नवापूरपासून उधना-लिंबायतपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या खऱ्या जरीची साडी विकली की ती जाळतात, राख मुशीत घालून चांदी वितळवतात आणि लगड ओततात. लगडीच्या कडेचा तुकडा काढून कस बघितला की भाव ठरतो. पण कडेला जो कस निघाला, तोच मधोमध असेल का? घरच्या चांदीचे पैसे याच्यावरच ठरतात. हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या टांकसाळीत एका माणसाने मोजमाप करून तपासला. त्यांचं नाव सर विल्यम चँडलर रॉबर्ट्स-ऑस्टिन.

त्यांचा जन्म 1843 चा, लंडनचा. खाणकाम शिकायला गेले, पण मन रमलं धातूंत. 1865 मध्ये टांकसाळीचे प्रमुख थॉमस ग्रॅहम यांचे ते मदतनीस झाले. ग्रॅहम गेल्यावर, 1870 पासून टांकसाळीच्या रसायनशास्त्रज्ञाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

नाण्यात सहसा निव्वळ चांदी वापरत नसत, ती मऊ पडते. इंग्लंडच्या तेव्हाच्या चांदीच्या नाण्यात हजारात 925 भाग चांदी असायची, बाकी तांबं. आपल्याकडच्या राणीछाप रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. एवढ्याशा तुकड्यावरून अख्खी रास पास किंवा नापास व्हायची. तुकडाच फसवा निघाला तर चांगला माल परत भट्टीत जाणार, नाहीतर हलकं नाणं लोकांच्या हातात पडणार.

रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी चांदी-तांब्याची वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणं वितळवली, कुठलं किती उष्णतेला वितळतं ते मोजलं, ओतलेल्या धातूच्या मधला आणि कडेचा कस ताडून पाहिला. 1875 मध्ये हे काम रॉयल सोसायटीपुढे आलं.

त्यातून निघणारं चित्र समजायला सोपं आहे. आडव्या रेषेवर चांदी-तांब्याचं प्रमाण, उभ्या रेषेवर तापमान. आजच्या मोजणीनुसार शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, शुद्ध तांबं 1085 ला. पण चांदीत तांबं मिसळत गेलं की वितळणबिंदू खाली येतो. तांब्यात चांदी घातली तरी तेच. दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या रेषा 779 अंशांवर एकमेकींना भेटतात, तिथे चांदी साधारण 72 टक्के असते. अशा सगळ्यात लवकर वितळणाऱ्या मिश्रणाला पुढे 1884 मध्ये फ्रेडरिक गथ्री यांनी युटेक्टिक हे नाव दिलं.

हे 72 टक्क्यांचं मिश्रण एकाच तापमानाला, एकदम गोठतं. बाकीच्यांचं तसं नाही. 925 ची चांदी सुमारे 900 अंशांवर गोठू लागते आणि पार 800 च्या आसपास पूर्ण घट्ट होते. आधी जे कण बांधले जातात त्यांत चांदी जास्त, उरलेल्या रसात तांबं वाढत जातं. म्हणूनच लगडीचा कस सगळीकडे सारखा राहत नाही. यात दरवेळी कुणाची लबाडी असते असं नाही, गोठण्याची रीतच तशी आहे.

सोनाराची झाळ याच रेषेवर चालते. चांदीत तांबं-जस्त मिसळलेली झाळ दागिन्याच्या आधी वितळते, सांधा जुळतो आणि दागिना शाबूत राहतो.

तोवर ते नुसते रॉबर्ट्स होते. 1885 मध्ये ऑस्टिन हे नाव जोडलं गेलं. 1891 च्या सुमारास त्यांनी तापमानाची नोंद आपोआप फोटोच्या काचेवर उमटवणारं यंत्र केलं. मग हीच पद्धत त्यांनी लोखंड आणि कार्बनला लावली. 1897 आणि 1899 मध्ये त्यांनी दिलेल्या आलेखांत चुका होत्या. हॉलंडचे रोझेबूम यांनी 1900 मध्ये त्या सुधारल्या, पण पाया तोच राहिला. पोलादाच्या एका रूपाला ऑस्टेनाइट म्हणतात, ते यांच्याच नावावरून.

1899 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. 22 नोव्हेंबर 1902 रोजी ते गेले.

जुनी जरी किंवा मोड विकताना एवढं ध्यानात ठेवावं : नमुना लगडीच्या एकाच कडेचा नको. दोन-तीन जागचा घ्यायला सांगावा, नाहीतर रस वितळलेला असतानाच नीट ढवळून त्यातून काढायला लावावा.